मुंबईतील खाद्यफेऱ्या

खाद्यफेरी (बोलीभाषेत ‘फूड वॉक’ किंवा ‘फूड टूर’) म्हणजे जाणकार मार्गदर्शकासोबत, बहुधा पायी, शहराच्या एखाद्या भागातील खाद्यपदार्थांच्या गाड्या, दुकाने व उपाहारगृहे क्रमाने पाहत जाण्याचा आयोजित कार्यक्रम होय. प्रत्येक ठिकाणी थोडेथोडे खाल्ले जाते आणि तो पदार्थ, तो करणारा समाज व ती वस्ती यांची माहिती दिली जाते. मुंबईत अशा फेऱ्या प्रामुख्याने फोर्ट, गिरगाव, मोहम्मद अली मार्ग आणि दादर-माटुंगा या भागांत होतात.

प्रसिद्ध ठिकाणांची यादी हाती घेऊन स्वतः हिंडणाऱ्यालाही तेच पदार्थ खाता येतात. खाद्यफेरीत शुल्क दिले जाते ते मुख्यतः निवडीसाठी, विश्वासासाठी आणि सोबत ऐकायला मिळणाऱ्या कथनासाठी. त्यामुळे फेरीचा दर्जा पदार्थांइतकाच मार्गदर्शकाच्या अभ्यासावरही अवलंबून असतो.

पार्श्वभूमी

अन्नाच्या ओढीने होणाऱ्या प्रवासासाठी ‘कलिनरी टुरिझम’ ही संज्ञा अमेरिकेतील लोकसंस्कृतीच्या अभ्यासक लूसी लाँग यांनी १९९८ मध्ये मांडली. पुढे या विषयाला आंतरराष्ट्रीय मान्यताही मिळत गेली. २०१९ मध्ये हैदराबादचा समावेश युनेस्कोच्या सर्जनशील शहरांच्या जाळ्यात खाद्यसंस्कृती या विभागात झाला, तर २०२० मध्ये सिंगापूरच्या फेरीवाला खाद्यसंस्कृतीला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले.

मुंबईत वारसा फेऱ्यांची प्रथा आधीपासून होती. इमारती दाखवता दाखवता वाटेतल्या इराण्याकडे चहासाठी थांबणे ओघानेच येई. त्या थांब्याचाच पुढे स्वतंत्र कार्यक्रम झाला. धारावीतील फेऱ्यांसाठी ओळखली जाणारी ‘रिअ‍ॅलिटी टूर्स अँड ट्रॅव्हल’ ही संस्थाही खाद्यफेऱ्या आयोजित करते. मार्च २०२० मधील टाळेबंदीने हा व्यवसाय काही काळ पूर्णपणे थांबवला होता.

मार्ग व पदार्थ

फोर्ट-धोबीतलाव परिसरातील फेरीचे आकर्षण म्हणजे इराणी उपाहारगृहे. कयानी आणि कंपनी (१९०४) येथील ब्रून-मस्का, मावा केक व चहा, तसेच बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानिया (१९२३) येथील बेरी पुलाव यांचा उल्लेख बहुतेक वर्णनांत आढळतो. ब्रिटानियाचे बोमन कोहिनूर (निधन २०१९) नव्वदी ओलांडल्यावरही प्रत्येक टेबलापाशी जाऊन गप्पा मारीत. कित्येक पाहुणे पुलावापेक्षा त्यांच्यासाठीच येत.

मोहम्मद अली मार्गावरील फेरी रमजानच्या महिन्यात सर्वाधिक होते. इफ्तारनंतर मिनारा मशिदीच्या परिसरात कबाब, नल्ली निहारी, खिचडा, मालपुवा आणि मातीच्या सकोऱ्यातील फिरनी यांची दुकाने रात्री उशिरापर्यंत चालतात. हा केवळ खाद्यबाजार नाही, उपवास व प्रार्थनेच्या महिन्यातील वस्तीही आहे. चांगले मार्गदर्शक छायाचित्रे, पेहराव व वाट अडवणे याबाबत आरंभीच सूचना देतात. जवळच महात्मा फुले मंडई (पूर्वीचे क्रॉफर्ड मार्केट, १८६९) आहे आणि तिच्यासमोर फालुद्यासाठी प्रसिद्ध असलेले बादशाह आहे.

माटुंग्यात फेरी सकाळीच सुरू होते. तेथे कॅफे मद्रास (१९४०) येथील इडली-डोसा आणि रामा नायक यांचे उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग (१९४२) येथील केळीच्या पानावरचे जेवण हे ठरलेले थांबे असतात. दादर व गिरगावात मिसळ, थालीपीठ, साबुदाणा वडा, कोथिंबीर वडी व पीयूष हे पदार्थ चाखवले जातात.

या सर्व मार्गांत एक पोकळी जाणवते, ती गिरणगावाची. कापड गिरण्यांतील एकट्या राहणाऱ्या कामगारांना कित्येक दशके जेवू घातले ते घरगुती खानावळी चालवणाऱ्या स्त्रियांनी. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये या स्त्रियांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, कामगार पांगले आणि त्या खानावळींचा आधारच गेला. मुंबईच्या खाद्येतिहासातील हे प्रकरण इराणी उपाहारगृहांइतकेच मोलाचे आहे. परंतु दाखवण्यासारखे दुकान उरले नसल्याने फेरीत ते क्वचितच येते.

स्वरूप

फेरी साधारणतः अडीच ते चार तास चालते. गट लहान ठेवला जातो, कारण अरुंद गल्लीत एका गाडीभोवती पंधरा-वीस माणसे उभी राहिली तर नेहमीच्या गिऱ्हाइकांची अडचण होते. शुल्क आगाऊ घेतले जाते व त्यात पदार्थांची किंमत धरलेली असते. शाकाहार, जैन आहार, शेंगदाणे किंवा दुधाचे वावडे यांची चौकशी आधी केली जाते. एकेक बशी दोघा-तिघांत वाटून घेतात. पहिल्याच दोन थांब्यांवर पोट भरून घेणे ही नवख्यांची नेहमीची चूक मानली जाते.

स्वच्छतेच्या दृष्टीने डोळ्यांसमोर तळलेले किंवा भाजलेले गरम पदार्थ निवडण्याकडे कल असतो. पाणीपुरीचे पाणी, बर्फ व कापून ठेवलेली फळे यांबाबत मार्गदर्शक विशेष सावध असतात.

कथनाची विश्वसनीयता

फेरीत सांगितल्या जाणाऱ्या सर्वच कथा इतिहास नसतात. अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) मुंबईत कापसाचा व्यापार वाढला व रात्री उशिरापर्यंत काम करणाऱ्यांसाठी पावभाजी जन्मली, ही कथा सर्वत्र ऐकू येते, पण तिला समकालीन आधार दाखवला जात नाही. कोपऱ्यावरील जागा हिंदू व्यापारी अशुभ मानीत, म्हणून त्या इराण्यांना मिळाल्या, हेही असेच वारंवार सांगितले जाते. पायाने मळतात म्हणून ‘पाव’ ही व्युत्पत्ती तर निव्वळ लोकरंजन आहे. ‘पाव’ व ‘बटाटा’ हे दोन्ही शब्द पोर्तुगीजमधून मराठीत आले आहेत.

वडापावाची गोष्ट तुलनेने अलीकडची आहे. १९६६ मध्ये दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी तो प्रथम विकला, असे सामान्यतः मानले जाते. त्याच सुमारास सुधाकर म्हात्रे यांनीही तो सुरू केल्याचे सांगितले जाते. जबाबदार मार्गदर्शक ‘असे म्हणतात’ हे दोन शब्द गाळत नाही. ते गाळले की ऐकीव गोष्ट प्रवाशांच्या लिखाणातून छापली जाते आणि काही वर्षांनी तीच पुरावा म्हणून पुढे येते.

विक्रेते व कायदा

फेरीचा सारा डोलारा ज्या विक्रेत्यावर उभा असतो, त्याचे स्थान मात्र अस्थिर असते. पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम, २०१४ नुसार नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे प्रतिनिधी असावे लागतात. सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रे मिळेपर्यंत विद्यमान विक्रेत्यांना हटवू नये, अशीही तरतूद त्यात आहे. मुंबईत या कायद्याची अंमलबजावणी दीर्घकाळ रेंगाळली. एल्फिन्स्टन रोड स्थानकावरील चेंगराचेंगरीनंतर, नोव्हेंबर २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रेल्वे स्थानकांपासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना असलेली मनाई कायम ठेवली. पादचाऱ्यांच्या सुरक्षिततेचा प्रश्न खराच आहे. पण वडापावाची पहिली गाडी या नियमात बसली नसती, हेही खरे.

आर्थिक वाट्याचा प्रश्न याहून कमी चर्चिला जातो. पाहुण्याने भरलेल्या शुल्कापैकी विक्रेत्याच्या हाती बहुधा केवळ बशीची किंमत पडते. काही आयोजक विक्रेत्यांना आधी कळवतात, गर्दीची वेळ टाळतात व जास्तीचा मोबदला देतात. तसे कोणतेही बंधन मात्र त्यांच्यावर नसते. वाटाघाटीत विक्रेत्याचा आवाज असेल तरच फेरी त्याच्या उपयोगी पडते. एरवी तो दाखवण्याची वस्तू होऊन बसतो.

मुंबईबाहेर

पुण्यात लष्कर भागातील बेकऱ्या आणि पेठांतील मिसळ यांभोवती अशी भ्रमंती होते. नागपुरात तर्री पोहे, संत्रा बर्फी आणि हलबा कोष्टी समाजातून आलेले सावजी जेवण यांसाठी प्रवासी मुद्दाम वाट वाकडी करतात.

पूर्व विदर्भाच्या भातपट्ट्यात हा शहरी नमुना जसाच्या तसा लागू पडत नाही. गोंदिया शहराजवळील मुर्रीसारख्या गावांच्या या टापूत वडाभात, पाटवडीचा रस्सा किंवा गोवऱ्यांच्या आचेवर भाजलेले रोडगे हे मुख्यतः घरच्या, शेतातल्या किंवा समारंभाच्या पंगतीतले पदार्थ आहेत. दुकानांच्या रांगेत ते एकापाठोपाठ एक मिळत नाहीत. येथे खाद्यपर्यटन आखायचे तर पाच-सात थांब्यांऐवजी एकाच घरी जेवण, भातगिरणीची भेट आणि खरिपाच्या धानाची कापणी-मळणी चालू असतानाचे दिवस निवडणे अधिक सयुक्तिक ठरते.