एकाच गल्लीतल्या दोन पेन्शनी : महागाई कुणाची मोजली जाते?

"डीए वाढला" अशी बातमी आली की आपल्याकडे दोन प्रकारचे निवृत्त लोक दिसतात. एक लगेच हिशेब मांडतो. दुसरा पेपर घडी करून ठेवतो. पहिला सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला. दुसरा एसटीतून, साखर कारखान्यातून किंवा खासगी कंपनीतून. भाजी मात्र दोघं एकाच मंडईतून आणतात. हा फरक कुठून आला, ते मला आज सांगायचंय.

महागाई भत्त्याची गोष्ट आपल्या मुंबईच्या गिरण्यांशी जोडलेली आहे. पहिल्या महायुद्धात भाव भडकले तेव्हा गिरणी कामगारांना पगारावर महागाईची वाढ द्यावी लागली. पुढे प्रश्न आला, महागाई मोजायची कशी? १९६३ मध्ये मुंबईच्या निर्देशांकावरूनच मोठं आंदोलन पेटलं. आकडा महागाई कमी दाखवतो, असं कामगारांचं म्हणणं होतं. लकडावाला समिती नेमली गेली आणि निर्देशांक वरच्या बाजूला दुरुस्त करावा लागला. म्हणजे हा आकडासुद्धा भांडून सरळ करून घेतलेला आहे.

निवृत्तांचा नंबर उशिरा लागला. केंद्राच्या निवृत्तांना निर्देशांकाशी जोडलेली वाढ द्यावी, ही शिफारस तिसऱ्या वेतन आयोगाची, १९७३ ची. मग १७ डिसेंबर १९८२ ला नकारा खटल्याचा निकाल आला. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या घटनापीठाने सांगितलं की पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नाही, तो केलेल्या सेवेचा हक्क आहे. म्हणूनच १७ डिसेंबर हा पेन्शनर दिन.

आज केंद्राच्या निवृत्तांना वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैपासून, महागाई वाढ लागू होते. राज्य सरकार काही महिन्यांनी मागोमाग जीआर काढतं. तीही पूर्ण सुरक्षित नाही बरं का. कोरोनात तीन हप्ते गोठवले. जुलै २०२१ मध्ये दर १७ वरून थेट २८ टक्के केला, पण मधल्या १८ महिन्यांची थकबाकी दिली नाही.

आता दुसरी पेन्शन. ईपीएस-९५ ही योजना १६ नोव्हेंबर १९९५ ला सुरू झाली. मालकाच्या वाट्यातून पगाराच्या ८.३३ टक्के आणि केंद्राचे १.१६ टक्के, तेही ठरलेल्या पगारमर्यादेपर्यंतच. सुरुवातीच्या काही वर्षांत फंडाचं मूल्यांकन करून थोडी थोडी वाढ दिली गेली. २००० नंतर तीही थांबली. निर्देशांकाशी जोडणी तर कधी नव्हतीच.

२०१३ मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीने किमान पेन्शन ३,००० रुपये करा म्हणून शिफारस केली. अध्यक्ष होते भगतसिंह कोश्यारी, हो, पुढे आपले राज्यपाल झाले तेच. सप्टेंबर २०१४ पासून मिळाले १,००० रुपये. २०२५ संपलं तरी आकडा तोच!

मी एक साधा हिशेब केला. २०१४ च्या त्या हजाराला केंद्राच्या निवृत्तांसारखी फक्त महागाई वाढ दिली असती, वेतन आयोगाचा जादा फायदा न धरता, तर जुलै २०२५ च्या ५८ टक्के दराने ते साधारण १,७०० रुपये झाले असते. ही काही श्रीमंती नव्हे. तेवढ्याने म्हातारा माणूस फक्त जागच्या जागी राहिला असता. ते सातशे रुपये कुठल्याही आदेशाने कापलेले नाहीत. नुसतं काही न केल्याने कापले गेले.

सरकारचं उत्तर असतं की हा वर्गणीचा फंड आहे, त्यात तूट आहे, वाढ परवडत नाही. मुद्दा अगदी पोकळ नाही. पण १.१६ टक्क्यांचा वाटा सरकारनेच ठरवलाय, पगारमर्यादाही सरकारच ठरवतं. मग तुटीचं ओझं फक्त सत्तरीच्या माणसानेच का उचलायचं?

एक विनंती आहे. सरकारी पेन्शनरांचा हेवा करू नका. त्यांना मिळतंय ते योग्यच आहे, लढून मिळालंय. आणि "किमान पेन्शन वाढवू" असं आश्वासन घेऊन कुणी दारात आलं तर नुसतं "किती?" विचारून थांबू नका. "दरवर्षी वाढणार का?" हेही विचारा. कारण न वाढणारी पेन्शन दरवर्षी कमीच होत असते.