उल्हास-खोऱ्याची सपाटी : जलमार्ग, लोहमार्ग आणि सायकल

कोकणपट्टीचे वर्णन करताना समुद्राकडील सखल भागास खलाटी व सह्याद्रीच्या पायथ्याकडील भागास वलाटी म्हणण्याची जुनी वहिवाट आहे. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही गावे या दोहोंच्या सांध्यावर वसलेली आहेत. कल्याणहून बदलापुराकडे जाणाऱ्या सायकलस्वारास चढ असा जाणवत नाही; मलंगगडाचे डोंगर एका अंगास दूर राहतात आणि वाट भातखाचरांच्या पातळीने पुढे सरकते. सुटीच्या दिवशी पहाटे या वाटेने सावकाश फिरावयास निघणाऱ्यांचे लहान लहान जथे आता नित्य दिसतात. हा छंद नवा आहे. वाट मात्र नवी नाही. होडी, बैलगाडी, आगगाडी व सायकल यांनी एकामागून एक तीच सपाटी वापरली आणि ती सपाटी मूळची उल्हास नदीची आहे, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य होय.

उल्हास नदी राजमाची-लोणावळ्याच्या परिसरात उगम पावते. कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर असा उत्तराभिमुख प्रवास करून ती कल्याणजवळ पश्चिमेस वळते आणि तेथून पुढे तिची खाडी होते. समुद्राची भरती कल्याणपर्यंत पोहोचते, या एका गोष्टीने या प्रदेशाचा इतिहास घडविला. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’मध्ये कल्याणचा बंदर म्हणून निर्देश आहे, कान्हेरीच्या लेण्यांतील दानलेखांत कल्याणचे व्यापारी भेटतात, १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हाती आल्यानंतर शिवाजी महाराजांनी जहाजबांधणीस आरंभ केला तो याच खाडीत. खाडी जेथे संपते तेथे माल होडीतून उतरतो व बैलाच्या पाठीवर किंवा गाडीवर चढतो. ही गाडी पुढे जाणार ती नदीच्या काठाकाठानेच, कारण डोंगराळ मुलखात चाकाला सपाट जागा देते ती नदीच.

या नात्याची साक्ष मराठी भाषेतही आहे. ‘उतार’ हा शब्द जमिनीच्या उतरणीला लावतात, तसाच नदीतून पायी पार होता येईल अशा जागेलाही लावतात. आणि पूर किंवा ताप ओसरू लागला म्हणजे त्यालाही ‘उतार पडला’ असेच म्हणतात. ‘घाट’ हा शब्द डोंगर ओलांडण्याच्या वाटेचा आहे, तसाच नदीवरील पायऱ्यांचाही आहे. वाट आणि पाणी यांचे शब्द वेगळे ठेवण्याची गरज या भाषेला वाटली नाही. चाकावरून जाणाऱ्या आजच्या प्रवाशाला उताराचा पहिला अर्थ तेवढा ठाऊक असतो. दुसरा व तिसरा अर्थ त्याला पावसाळ्यात कळतात.

अंबरनाथचे शिवालय वालधुनी नदीच्या काठी आहे. ही नदी काकोळ्याच्या डोंगरातून निघून अंबरनाथ व उल्हासनगर येथून वाहत कल्याणजवळ उल्हासला मिळते. मंदिरातील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा असून त्यात शिलाहार राजा मामवाणी याचे नाव येते. गाभाऱ्यात जाण्यास पायऱ्या उतराव्या लागतात, हे या मंदिराचे वैशिष्ट्य सर्वश्रुत आहे. नदीकाठची ही जागा आडरानातील नव्हे, तर रहदारीच्या वाटेवरील असली पाहिजे, असे अनुमान केल्यास ते फारसे धाडसाचे ठरू नये. बदलापूर या नावाचीही एक लोकव्युत्पत्ती सांगतात : येथे घोडे बदलीत, म्हणून बदलापूर. ‘बदल’ हा शब्द अरबी व ‘पूर’ हा संस्कृत. असे संकर ग्रामनामांत दुर्मीळ नाहीत, तथापि अशा सरळ व्युत्पत्त्यांवर एकाएकी विश्वास ठेवू नये. ती खरी नसली तरी एक गोष्ट तिच्यातून निश्चित निघते. आपले गाव वाटेवरचे आहे, ही गावकऱ्यांची स्वतःविषयीची समजूत होती.

आगगाडी १८५३ मध्ये ठाण्यास व १८५४ मध्ये कल्याणास पोहोचली. पुढे १८५६ मध्ये हाच लोहमार्ग बदलापूर-नेरळवरून खोपोलीपर्यंत गेला. बोरघाटात रुळांना सदतीस फुटांस एक फूट इतका चढ द्यावा लागला आणि ते काम १८६३ मध्ये पुरे झाले. त्या मानाने कल्याण ते कर्जत हा टप्पा नदीने आधीच आखून ठेवल्यासारखा होता. काकोळ्याचा तलाव रेल्वेच्या पाण्यासाठी बांधला गेला. ती कंपनी जाऊन कित्येक दशके लोटली, तरी लोक त्याला अद्याप ‘जीआयपी टँक’ म्हणतात.

सायकल या खोऱ्यात आली ती करमणुकीसाठी नव्हे. १८८५ ची स्टार्लेची दोन सारख्या चाकांची सायकल आणि १८८८ चा डनलॉपचा हवेचा टायर यांनंतर युरोपात सायकलपर्यटनाला बहर आला. इंग्लंडात सायकलप्रवाशांचा संघ १८७८ मध्येच निघाला होता, हॉलंडात १८८३ मध्ये निघाला. मुंबईहूनही १९२३ मध्ये सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रवासाला निघाले आणि त्यांपैकी तिघे १९२८ मध्ये प्रदक्षिणा पुरी करून परतले. परंतु ते साहस होते, फेरफटका नव्हे. उल्हास-खोऱ्यात सायकल चालविली ती कामगारांनी, दूधवाल्यांनी, शाळामास्तरांनी व पोस्टमननी. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या जागी फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. नदीचेच नाव गावाला मिळाले. वस्त्यांची ओळख मात्र छावणीच्या आकड्यांनी, ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर पाच’ अशी राहिली. अंबरनाथला काडेपेटीचा विम्को कारखाना व स्वातंत्र्यानंतर दारूगोळ्याचा सरकारी कारखाना झाला. कारखान्याचा भोंगा झाला म्हणजे फाटकाबाहेर पडणारा सायकलींचा लोंढा हे अशा प्रत्येक गावचे दृश्य होते. नगरपालिकेचा कर भरल्याची खूण म्हणून सायकलीला पत्र्याचा बिल्ला लावावा लागे आणि अंधारात दिव्यावाचून किंवा डबलसीट जाणाऱ्यास पोलीस अडवीत. दांडीखालून पाय घालून ‘कैची’ मारीत पोरे शिकत ती बहुधा वडिलांच्या किंवा तासावर भाड्याने आणलेल्या सायकलीवर.

या वाहनाच्या मराठी नावांचा इतिहासही बोलका आहे. ‘पायगाडी’ व ‘दुचाकी’ हे दोन्ही शब्द एके काळी सायकलीसाठी योजले गेले. पहिला मागे पडला. दुसरा टिकला, पण स्कूटर व मोटारसायकल यांनी तो बळकावला. आज ‘दुचाकी’ म्हटल्यावर कोणाच्याही डोळ्यांपुढे सायकल उभी राहत नाही. क्रियापदांचेही तसेच. सायकल ‘हाणतात’, ‘मारतात’, ‘दामटतात’. तिच्याशी जोडलेली सर्व क्रियापदे कष्टाची आहेत. सावकाश, निरुद्देश फिरण्याला ‘रपेट’ हा शब्द आहे, पण तो घोड्यावरून आलेला. ‘सहल’, ‘सफर’ हे शब्द कोणत्याही वाहनाला चालतात. (‘फेरफटका’ हा त्यातल्या त्यात निवांत शब्द, परंतु मराठी माणूस तोही ‘मारतो’.) सायकलीवरील विरंगुळ्याला स्वतःचा शब्द नाही, कारण ती वस्तूच या समाजात उशिरा आली. मोटारसायकलीने कामाच्या रस्त्यावरून सायकलीला बाजूला केले, तेव्हाच ती फिरण्यासाठी मोकळी झाली.

सायकलपर्यटनाचा आदर्श म्हणून हॉलंडचे नाव घेतले जाते. तेथील सपाटी मनुष्याने बांध घालून समुद्राकडून मिळविली आणि कालव्यांच्या बांधांवरूनच सायकलवाटा गेल्या. ठाणे-भिवंडीकडील खाजणांना बांध घालण्याची कोकणी रीत तिच्याशी तत्त्वतः जवळची आहे. परंतु अंबरनाथ-बदलापूरची सपाटी खाजणाची नव्हे. ती पुराच्या गाळाची आहे. हॉलंडात पाण्याला हद्द घालून दिलेली आहे, येथे हद्द पाणी ठरविते.

आज अंबरनाथ-बदलापुरातून निघणाऱ्या सायकलस्वाराच्या वाटाही पाण्याच्याच आहेत. एक वाट मुळगावावरून बारवी धरणाकडे जाते. औद्योगिक महामंडळाचे हे धरण १९७२ मध्ये झाले. त्याचे पाणी ज्या मोठ्या नळांतून शहरांकडे जाते त्यांच्या कडेने काटईपर्यंत रस्ता झाला असून लोक त्याला ‘पाइपलाइन रोड’ म्हणतात. जलमार्ग येथे नळात शिरला आहे, पण रस्ता त्याची सोबत सोडीत नाही. दुसरी वाट कोंडेश्वराला जाते. ‘कोंड’ म्हणजे नदीच्या पात्रातील खोल डोह. देवाचे नाव डोहावरून पडले आहे आणि त्या नावातील सूचना न ऐकता पाण्यात उतरणारे तरुण तेथे अनेकदा प्राणास मुकले आहेत. ताशी दहा-बारा मैलांच्या वेगाने जाणाऱ्यास बेलवली, चिखलोली, जांभूळ ही नावे वाचता तरी येतात. त्याच वेगामुळे वालधुनीच्या पुलावरील दुर्गंधीही त्याला चुकविता येत नाही. जीन्स धुण्या-रंगविण्याचे उद्योग व रासायनिक सांडपाणी यांनी या नदीचा नाला केला. उन्हाळ्यात उल्हासच्या संथ पात्रावर जलपर्णी पसरते ती निराळीच.

सपाट जमीन बांधकामालाही सोयीची असते. बदलापूरच्या नदीकाठी जलसंपदा विभागाने निळी व लाल पूररेषा आखली. त्या रेषांच्या आत इमारती उभ्या राहिल्या आणि रेषाच सरकविण्याची मागणी पुढे आली. २६ जुलै २००५ रोजी या सपाटीवर नदी परत आली. २७ जुलै २०१९ रोजी कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान पाण्यात अडकली आणि हजाराच्या आसपास उतारूंना होड्यांतून बाहेर काढावे लागले. लोहमार्गाच्या जागी त्या दिवशी पुन्हा जलमार्ग झाला होता. कल्याण-मुरबाड रस्त्यावरील रायत्याचा पूल मोठ्या पुरात पाण्याखाली जातो. तेव्हा दोन्ही तीरांवर वाहनांच्या रांगा लागतात आणि मोटारी, दूधगाड्या व सायकली पाण्याला उतार पडण्याची वाट पाहत उभ्या राहतात.