सेम, वाल, पावटा, घेवडा : एका शेंगेची नावे आणि तिची ओळख

हिवाळ्यात लखनौच्या कोणत्याही भाजीबाजारात गेलात तर चपट्या हिरव्या शेंगांचे ढीग दिसतील. भाजीवाला त्यांना 'सेम' म्हणतो. त्याच शेंगेला रायगड जिल्ह्यात 'वालाची शेंग' म्हणतील, देशावर 'पावटा' किंवा 'घेवडा'. बंगालीत ती शिम, गुजरातीत वालपापडी, कन्नडमध्ये अवरे, तमिळमध्ये अवरै आणि तेलुगूत चिक्कुडु. शेंगेचा आकार, रंग आणि वाण बदलतात, जाती मात्र एकच : लॅबलॅब पर्प्युरियस. ही ओळख कशी ठरली आणि ती ठरल्यावरही लोकांनी दिलेली नावे का जपायची, हे या टिपणात पाहू.

१. नाव एक, वनस्पती दोन

एका वनस्पतीला अनेक नावे असली तर फारसे बिघडत नाही. यादी केली की भागते. खरी अडचण उलट बाजूने येते. मराठीत 'घेवडा' म्हणजे वालघेवडाही आणि श्रावणघेवडाही. श्रावणघेवडा म्हणजे फरसबी, शास्त्रीय नाव फॅसिओलस व्हल्गॅरिस. सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव भागातला, भौगोलिक मानांकन मिळालेला 'वाघ्या घेवडा' हाही याच जातीचा, म्हणजे राजम्याचा सख्खा भाऊ. वालाचे मूळ आफ्रिकेत आणि फरसबीचे अमेरिकेत. दोन खंडांतल्या दोन वनस्पती आपल्याकडे एकाच नावाखाली नांदतात.

इतिहास लिहिणाऱ्याला याचा थेट फटका बसतो. फरसबी-राजमा हे पीक कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतरच जुन्या जगात आले. त्याआधीच्या मजकुरातल्या शेंगेचे भाषांतर कोणी 'राजमा' असे केले, तर आपण यादवकाळातल्या माणसाच्या ताटात अमेरिकेचे धान्य वाढतो.

२. शास्त्रीय नावाचा प्रवास

शास्त्रीय नावही पहिल्या दिवसापासून स्थिर नव्हते. 'लॅबलॅब' हा मूळ अरबी शब्द. इटालियन वैद्य प्रॉस्पेरो अल्पिनी याने इजिप्तच्या वनस्पतींवरील १५९२ च्या ग्रंथात या वेलीचे वर्णन केले. लिनियसने १७५३ मध्ये तिला डोलिकोस लॅबलॅब म्हटले आणि १७६३ मध्ये जांभळ्या रूपाला डोलिकोस पर्प्युरियस हे वेगळे नाव दिले. पुढे ही दोन्ही एकच जाती ठरली आणि तिची प्रजाती वेगळी काढून तिला लॅबलॅब म्हणू लागले.

नियमाप्रमाणे सर्वांत जुने जातिनाम टिकायला हवे होते. पण मग नाव 'लॅबलॅब लॅबलॅब' झाले असते, आणि वनस्पतिशास्त्राच्या नामकरण नियमांत अशी पुनरुक्ती चालत नाही. म्हणून पुढचे जुने जातिनाम घेतले गेले. रॉबर्ट स्वीटने १८२६ मध्ये केलेली 'लॅबलॅब पर्प्युरियस' ही जोडणी आज मान्य आहे.

लिनियसने १७५३ मध्येच फरसबीचे मूळस्थान 'भारत' असे नोंदवले होते. पेरूमधल्या प्राचीन दफनांत तिचे दाणे सापडले, तेव्हा अमेरिकेची बाजू भक्कम झाली. म्हणजे लॅटिन नाव असले की सोबतची माहितीही बरोबर असतेच असे नाही.

३. ओळख पटवायची कशी

तुम्ही स्वतः करून पाहू शकाल अशा तीन खुणा :

(अ) दाणा : वालाच्या दाण्याच्या कडेवर लांब, उठावदार पांढरी रेघ असते. राजम्याच्या दाण्यावर छोटासा लंबगोल डोळा असतो.

(आ) फूल : फरसबीच्या फुलातल्या आतल्या, नावेसारख्या पाकळ्या मळसूत्रासारख्या पिळलेल्या असतात. वालात त्या काटकोनात वाकलेल्या असतात.

(इ) फुलोरा : वालाचा तुरा बहुधा पानांच्या वर ताठ उभा राहतो.

लखनौच्या सिकंदर बागेतल्या राष्ट्रीय वनस्पती अनुसंधान संस्थेसारख्या ठिकाणी वाळवून चिकटवलेले नमुने जपतात ते याचसाठी. नावावर वाद झाला की बोट ठेवायला प्रत्यक्ष झाड लागते. माझ्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना मी सांगतो : लोकनाव हे माहितीकोशातले लेबल आहे, प्रायमरी की नव्हे. एकच लेबल दोन नोंदींना चालते, की चालत नाही.

४. जुन्या ग्रंथांतील शेंगा

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात चांदी तोलण्याच्या मापांमध्ये २० 'शैंब्य' दाण्यांचा एक धरण सांगितला आहे. 'शिंबी' म्हणजे नुसती शेंग. त्यामुळे तो दाणा वालाचाच होता असे केवळ शब्दावरून म्हणता येत नाही. संस्कृत 'निष्पाव' हा शब्द बहुधा वालासाठी घेतात. पण शब्दाला दाण्याची साथ लागते. ती पुरातत्त्वातून मिळते : दक्षिण भारतातल्या नवाश्मयुगीन वसाहतींत सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे, जळून कोळसा झालेले वालाचे दाणे सापडले आहेत. असे दाणे ओळखण्याचे काम लखनौच्याच बीरबल साहनी पुराविज्ञान संस्थेतही चालते.

५. मग लोकनावे कशाला?

कारण शास्त्रीय नाव जात सांगते, वापर सांगत नाही. 'कडवे वाल' या नावात चव आहे. 'डाळिंब्या' म्हणजे मोड आणून सोललेले वाल. भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल घेणारा कोकणचा शेतकरी आणि त्या शेंगांची पोपटी लावणारे गाव, हे सगळे लोकनावांनीच आपल्यापर्यंत पोहोचते.

यात आरोग्याचाही प्रश्न आहे. वालाच्या सुक्या दाण्यांत सायनाइड सोडणारी द्रव्ये असू शकतात. भिजवून, पाणी बदलून, नीट शिजवले की ती कमी होतात. राजम्यातला विषारी घटक वेगळा. त्याला भिजवून पुरेसे उकळावे लागते. 'घेवडा' एवढ्या एका शब्दावर पाककृती दुसऱ्या प्रांतात गेली, तर दाणा बदलतो आणि सोबतची काळजी मागे राहते.

स्वाध्याय : तुमच्या वसतिगृहातल्या किमान चार भाषांच्या मित्रांना एकच शेंग दाखवा. प्रत्येकाने सांगितलेले नाव, त्याचे गाव, घरी होणारा पदार्थ आणि दाण्याची खूण अशी चार रकान्यांची नोंद करा. चारही रकाने भरल्याशिवाय नोंद पूर्ण समजू नका.