वाडियाचा खर्च कोण करतं?

परळ-लालबाग-शिवडी या भागात ज्यांचं बालपण गेलं, त्यांना 'वाडिया' म्हटलं की उद्योगपतींचं घराणं आठवत नाही, हॉस्पिटल आठवतं. "पोराला वाडियात ठेवलंय" एवढं म्हटलं की पुढचं शेजारीपाजारी समजून घ्यायचे. बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय हे पूर्ण नाव पाटीवरच राहिलं. या जेरबाई कोण, आणि एवढं मोठं हॉस्पिटल चालतं कुणाच्या पैशावर, असं माझ्या भाचीनं मध्यंतरी विचारलं. फोनवर दोन वाक्यांत सांगून भागेना, म्हणून हे लिहायला घेतलं.

जेरबाई म्हणजे नवरोसजी नसरवानजी वाडिया यांच्या पत्नी. नवरोसजींनी १८७९ साली बॉम्बे डाइंग सुरू केली आणि १८९९ मध्ये ते वारले. त्यानंतर जेरबाईंनी बेताच्या मिळकतीच्या पारशी कुटुंबांसाठी वसाहती उभ्या करण्याचं काम हाती घेतलं. मुंबईतल्या पारशी 'बागां'पैकी काहींचं मूळ त्यांच्या दानात आहे. १९२६ साली त्याही गेल्या. सर कुसरो आणि सर नेस या मुलांनी वडिलांच्या नावानं परळला प्रसूतिगृह काढलं (१९२६) आणि आईच्या नावानं त्याच्या शेजारीच १९२९ साली बालरुग्णालय.

परळच का? तर गिरण्या तिथे होत्या आणि मुलं मरत होती तीही तिथेच. १९२१ साली मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे साडेसहाशेच्या वर बालमृत्यू नोंदले गेले. आकडा वाचून पोटात गोळा येतो. पण इतिहासाच्या विद्यार्थ्यानं आकडासुद्धा तपासून घ्यावा. गिरणगावातल्या कितीतरी बायका बाळंतपणाला कोकणात, घाटावर जायच्या. त्यामुळे जन्माची नोंद गावी (झाली तर!) आणि मूल मुंबईत आणल्यावर गेलं तर मृत्यूची नोंद मुंबईत. म्हणून प्रमाण फुगलेलं दिसतं. ही सूट देऊनही चित्र भयंकरच होतं. एकेका खोलीत दोन-दोन कुटुंबं, कोंदट हवा, आई पाळीवर. मूल झोपून राहावं म्हणून अफूची 'बाळगोळी' देण्याची चाल सर्रास होती. त्या आयांना नावं ठेवू नका. रजाच नव्हती हो त्यांना. बाळंतपणाच्या काळात पैसे मिळावेत असा कायदा मुंबई इलाख्यात आला तो १९२९ साली. १९२८ मध्ये कायदेमंडळात त्या विधेयकाची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली होती. कायदा आणि बालरुग्णालय एकाच वर्षी आले, हे मला लक्षात ठेवण्याजोगं वाटतं.

दुसरी गोष्ट शिकवण्याची. परळला १९२६ सालीच केईएम रुग्णालय आणि शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. शिकवणारे हिंदीच हवेत, अशी त्या देणगीमागची अट होती. मुलांचे आजार हा आपल्याकडे तेव्हा वेगळा विषयच नव्हता. लहान मूल म्हणजे छोटा मोठा माणूस, त्याला औषध निम्मं द्यायचं, एवढीच समजूत. जे. जे. रुग्णालयात मुलांचा स्वतंत्र विभाग निघाला १९२८ मध्ये. पुढच्याच वर्षी वाडिया आलं, फक्त मुलांसाठी. तिथे तरुण डॉक्टर नुसते उपचार करत नाहीत, शिकतातही. इथे तयार झालेले बालरोगतज्ज्ञ आज कुठल्या कुठल्या गावांत बसले आहेत.

आता पैशाकडे वळू. इमारत बांधायला एक उदार माणूस पुरतो. पण पुढे रोज सकाळी परिचारिका आली पाहिजे, दूध आलं पाहिजे, चादरी धुतल्या गेल्या पाहिजेत. हे कुणी करायचं? वाडियाचं उत्तर भागीदारीचं होतं. विश्वस्त, महापालिका आणि सरकार असा तिघांचा संसार. विश्वस्तांनी वास्तू उभी केली, सार्वजनिक तिजोरीतून अनुदान येत राहिलं, म्हणून गरिबाला नाममात्र पैशांत उपचार मिळाले.

मी जन्मभर अनुदानित शाळेत शिकवलं, त्यामुळे हा प्रकार मला घरच्यासारखा ओळखीचा आहे. अनुदान मंजूर असणं वेगळं आणि हातात पडणं वेगळं. आमच्याकडे उशीर झाला तर खडू जपून वापरायचे आणि फुटलेल्या काचेवर पुठ्ठा लावायचा. हॉस्पिटलात पुठ्ठा लावून भागत नाही.

गंमत पाहा, त्याच १९२९ साली लंडनमध्ये जेम्स बॅरी या लेखकानं 'पीटर पॅन'चे हक्क ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटच्या बालरुग्णालयाला देऊन टाकले. एका गोष्टीतल्या मुलानं खऱ्या आजारी मुलांचा खर्च उचलला! हक्कांची मुदत १९८७ अखेर संपली, तेव्हा तिथल्या संसदेनं १९८८ च्या कायद्यात खास तरतूद करून ब्रिटनपुरतं मानधन कायम ठेवलं. म्हणजे दात्याचं दान संपलं तिथे कायदा उभा राहिला. आपल्याकडेही उदाहरण आहे, तेही वाडियापासून हाकेच्या अंतरावर. टाटा मेमोरियल १९४१ मध्ये टाटांच्या विश्वस्त निधीतून सुरू झालं, १९५७ मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्यानं घेतलं आणि १९६२ पासून ते अणुऊर्जा खात्याकडे आहे. वाडिया मात्र मधल्यामध्ये राहिलं, धड सरकारी नाही आणि धड खाजगी नाही.

१९८२ च्या जानेवारीत गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. माझ्या वर्गाच्या हजेरीपटावर एकेक नाव कमी होऊ लागलं. बिऱ्हाडं गावी परतत होती. जी राहिली, त्यांच्याकडे डॉक्टरची फी देण्याजोगं काही उरलं नव्हतं. एका मुलाची आई मला म्हणाली होती, "बाई, रेशन उधारीवर मिळत नाही, पण वाडिया आहे." गिरण्या बंद पडल्या, पण गिरणीच्या नफ्यातून उभं राहिलेलं हॉस्पिटल गिरणीवाल्यांच्या पोरांना सांभाळत राहिलं. मला यात नियतीचा न्याय वगैरे दिसत नाही. अनुदान चालू होतं म्हणून ते जमलं, इतकं साधं आहे ते.

आणि ते अडलं की काय होतं, हे २०२० च्या जानेवारीत सगळ्यांनी पाहिलं. अनुदान थकल्याचं सांगून वाडियात नवे रुग्ण घेणं थांबलं. व्यवस्थापन थकबाकी मागत होतं, महापालिका कारभारावर आणि हिशेबावर बोट ठेवत होती. कर्मचारी रस्त्यावर उतरले. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. पुतळ्यांना पैसा मिळतो, आरोग्याला मिळत नाही, अशा अर्थाचे खडे बोल न्यायालयानं सुनावले. मग बैठका झाल्या आणि राज्याचे २४ कोटी व महापालिकेचे २२ कोटी असे ४६ कोटी देण्याचं ठरलं. रुग्णालय वाचलं.

कुणाचं खरं, कुणाचं खोटं, यात मी शिरत नाही. हिशेब मागायलाच हवा. जनतेचा पैसा आहे तो. पण हिशेब मागायची जागा कचेरी आहे, वॉर्ड नव्हे. दोन मोठ्यांच्या भांडणात तापानं फणफणलेलं पोर फाटकाबाहेर राहता कामा नये.

आता त्या भागात चिमण्या राहिल्या नाहीत, टॉवर आले. गिरणगावच उरलं नाही तर अनुदान कशाला, असं म्हणणारे भेटतात. त्यांनी एकदा वाडियाच्या बाह्यरुग्ण विभागाची रांग पाहून यावी. रांगेतली माणसं बदलली, गावं बदलली, गरज तीच आहे. म्हणून भाचीला माझं उत्तर एवढंच: वाडिया बांधलं जेरबाईंच्या मुलांनी, चालवतो तुझ्या-माझ्या करातला पैसा. दात्याचं नाव भिंतीवर कोरलेलं असतं, आपलं कुठेच नसतं. तरी दरवर्षी अंदाजपत्रक आलं की आपल्या नावाचं ते देणं वेळेवर पोचतंय का, एवढं बघत जा.