आजार की म्हातारपण?

इंग्लंडातले दोन म्हातारे डोळ्यांपुढे आणा. दोघेही एकटे, दोघांचीही घरे स्वतःची. एकाला कर्करोग झाला. त्याचा इलाज सरकारी इस्पितळात फुकट होतो. दुसऱ्याला स्मृतिभ्रंश झाला. पोटची मुले ओळखू येईनात, अपरात्री उठून रस्त्यावर जाऊ लागला. त्याला सांभाळगृहात ठेवावे लागते, आणि त्यापायी पुष्कळदा राहते घर जाते. असे का व्हावे?

याचे मूळ १९४८ सालात आहे. त्यापूर्वी शंभरावर वर्षे, म्हणजे १८३४ च्या गरीब-कायद्यापासून, निराधार म्हाताऱ्याला 'वर्कहाऊस' नावाच्या गरीबखान्याचे दार धरावे लागे. आत नवरा-बायकोची ताटातूट, अंगावर तिथलाच पोशाख. लोकांना त्या दाराचा मोठा धसका. ५ जुलै १९४८ रोजी तो कायदा संपला आणि त्याच दिवशी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. मंत्री होते अन्यूरिन बेव्हन. पण तेव्हाच एक रेघ ओढली गेली. आजारी असेल तो इस्पितळात, फुकट. वयामुळे नुसती देखभाल हवी असेल तो स्थानिक कौन्सिलच्या निवासात, आणि तिथे ऐपतीप्रमाणे पैसे. बेव्हनसाहेबांचा हेतू वाईट नव्हता हो! म्हाताऱ्याने भिकाऱ्यासारखे नव्हे, हॉटेलातल्या पाहुण्यासारखे मानाने राहावे, असे त्यांना वाटे. पेन्शन आठवड्याला २६ शिलिंग. २१ निवासाला, ५ हातखर्चाला.

स्मृतिभ्रंश या रेघेच्या कोणत्या बाजूला? मेंदू झिजतो, म्हणजे तो रोगच. पण त्यात औषधापेक्षा न्हाऊ घालणे, भरवणे, नजर ठेवणे हेच जास्त. म्हणून तो देखभालीत मोडला. पूर्वी असे कित्येक जण इस्पितळांच्या दीर्घ मुक्कामाच्या वॉर्डांत फुकट राहत. १९८० नंतर ते वॉर्ड कमी होत गेले आणि माणसे खाजगी सांभाळगृहांत गेली.

स्कॉटलंडने २००२ पासून निदान अंगसेवेचा खर्च सरकारवर घेतला. इंग्लंडने घेतला नाही. तिथे २३,२५० पौंडांहून जास्त मालमत्ता असेल, तर सगळा खर्च ज्याचा त्याने करायचा. जोडीदार घरात राहत असेल तर घर धरत नाहीत; एकट्याचे धरतात. ही मर्यादा २०१० ची, आणि पुढची पंधरा वर्षे ती तसूभर हलली नाही. माणसाच्या आयुष्यभराच्या खर्चाला कमाल मर्यादा घाला, असे डिल्नॉट आयोगाने २०११ साली सुचवले. आकडा ३५,००० पौंड. सरकारने तो आधी ७२,००० केला, मग ८६,०००, आणि जुलै २०२४ मध्ये बेतच सोडून दिला.

हयातीत घर विकायचे नसेल, तर कौन्सिल तो खर्च घरावर चढवते आणि मालकाच्या पश्चात वसूल करते. आपल्याकडे सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा चढतो ना, तसाच.