केटल ग्रिलवर मंद आचेचा स्वयंपाक : कोळसा आणि राख कशी सांभाळावी

मंडळी, जूनमध्ये मास्ट्रिख्टला रात्री दहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे दुपारी सुरू केलेला सहा-सात तासांचा स्वयंपाक उजेडातच पुरा होतो. कणसे, पनीर, चिकनचे तुकडे हे ग्रिलवर भाजणे आपल्या सगळ्यांना जमते, अर्ध्या तासाचे काम. पण लॅम्बचा अख्खा खांदा दिवसभर मंद आचेवर ठेवायचा म्हटले, की तक्रार ठरलेली : "कोळसा भरपूर दिसतोय, पण चौथ्या तासाला आच पडली." मग वरून आणखी कोळसा ओतला जातो आणि आच आणखीच पडते.

आमच्या मते अशा वेळी बहुधा कोळसा कमी पडलेला नसतो. राखेने हवा अडवलेली असते. हे एकदा ध्यानात आले की बाकी सगळे सोपे आहे.

आपल्याकडे चुलीवर स्वयंपाक होता तेव्हा रात्री निखारे राखेत पुरून ठेवत. सकाळी राख बाजूला सारून फुंकर घातली की विस्तव तयार. राखेखाली निखारा जिवंत राहतो, पण रसरसत नाही, कारण त्याला हवा मिळत नाही. केटलच्या तळाशी हेच घडते, फक्त आपल्या इच्छेविरुद्ध.

हवा कुठून येते, कुठून जाते

शिकागोजवळच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफन यांनी १९५२ मध्ये धातूचा तरंगता बोया अर्धा कापून ही ग्रिल बनवली. गोल भांडे, वर घुमटासारखे झाकण, एक झडप तळाला आणि एक झाकणावर, इतकीच रचना. हवा खालून आत येते, निखाऱ्यांतून वर चढते आणि झाकणातून बाहेर पडते. झाकणावरची झडप अर्ध्याहून जास्त उघडी ठेवावी आणि तिचे तोंड कोळशाच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे मांसाच्या डोक्यावर आणावे. आच कमीजास्त करायची ती तळाच्या झडपेने. आणि राख पडते ती नेमकी त्याच झडपेवर!

कोळसा कोणता

इथल्या सुपरमार्केटात दोन प्रकार मिळतात, हाउट्सकोल म्हणजे लाकडी कोळशाचे खडे आणि ब्रिकेटन म्हणजे दाबून केलेल्या वड्या. युरोपीय मानक ईएन १८६०-२ नुसार खड्यांच्या कोळशात राख जास्तीत जास्त ८ टक्के चालते, वड्यांत १८ टक्के. म्हणजे तीन किलो वड्या जळाल्या तर अर्ध्या किलोपेक्षा थोडी जास्त राख निघू शकते, तेवढ्याच खड्यांतून पाव किलोच्या आत. मग खडेच का घेऊ नयेत? कारण ते भराभर आणि असमान जळतात, दर तासाला घालत बसावे लागते, शिवाय बारीक चुरा जाळीच्या फटीत अडकतो. लांबच्या स्वयंपाकाला वड्याच बऱ्या, फक्त त्यांच्या राखेचा हिशोब आधीपासून ठेवावा. नारळाच्या करवंटीच्या वड्याही इथे मिळतात. त्या पेटायला वेळ घेतात, पण टिकतात छान. (कोकणातल्या मंडळींना करवंटीच्या निखाऱ्याची धग वेगळी सांगायला नको.) काडी लावताच पेटणाऱ्या, पेटवण्याचे रसायन लावलेल्या वड्या मात्र या कामाला नकोत. त्यात एकेक वडी तासातासाने पेटत जाते, त्यामुळे रसायनाचा वास शेवटपर्यंत येत राहतो.

सुरू करण्यापूर्वी

मागच्या वेळची राख पूर्ण काढून टाका. राखेतले क्षार हवेतली ओल शोषून घेतात, आणि लिम्बुर्गच्या पावसात झाकण लावून ठेवलेल्या ग्रिलमध्येही तिची ढेकळे होतात. ही ढेकळे झडपेच्या पात्यांखाली अडकतात आणि पत्राही खातात. तळाची दांडी या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळी फिरते का, ते हाताने पाहा. झडप पूर्ण उघडी, अर्धी आणि पाव असताना दांडी कुठे असते, तिथे खालच्या पत्र्यावर पक्क्या पेनने खुणा करून ठेवा. पुढे धुरात डोळे चोळत अंदाज बांधावा लागत नाही. राखेचे ताटही रिकामे करा. ते शिगोशिग भरले तर राख झडपेला खालून टेकते.

५७ सेंटिमीटरच्या केटलमध्ये आम्ही वड्यांची नागमोडी रांग लावतो : भांड्याच्या कडेने खाली दोन, त्यांवर दोन, एकमेकींना टेकवत अर्धे वर्तुळ. याला ५०-६० वड्या लागतात आणि साधारण पाच-सहा तास मिळतात. जास्त वेळ हवा तर रांग दोन तृतीयांश वर्तुळापर्यंत न्यावी. दोन टोके एकमेकांना भिडू देऊ नयेत. आठ-दहा वड्या पत्र्याच्या चिमणीत पांढऱ्या होईपर्यंत पेटवून एका टोकाला ठेवल्या की विस्तव रांगेतून हळूहळू सरकतो. सरकत असल्यामुळे राख मागे राहते, नव्या कोळशावर चढत नाही, हा या पद्धतीचा खरा फायदा. रिकाम्या बाजूला पाणी घातलेला ॲल्युमिनियमचा ट्रे ठेवावा. चरबी राखेत ठिबकली तर तिचा चिखल होतो आणि तो दांडीने सुटत नाही.

मधले तास

झाकणाखाली ११० ते १३० अंश सेल्सिअस हवे. दर तास-दीड तासाने झाकण बंद ठेवूनच तळाची दांडी तीन-चार वेळा सावकाश इकडून तिकडे फिरवा आणि परत खुणेवर आणा. झाकण उघडून दांडी झटकली तर राख उडून थेट मसाल्यावर बसते, आणि दही-लसणाच्या लेपावरची राख कशानेही निघत नाही. वड्या चिमट्याने ढवळू नयेत. फार तर जळून गेलेल्या टोकाला हलकेच टकटक करावे.

आच पडली तर क्रम असा : आधी दांडी फिरवा. मग राखेचे ताट पाहा. मग तळाची झडप थोडी जास्त उघडा आणि दहा-पंधरा मिनिटे थांबा. एवढे करूनही काटा वर आला नाही तरच कोळसा घाला, तोही चिमणीत पेटवलेला, आणि राखेच्या ढिगावर नव्हे तर ती जाळीतून खाली पाडून झाल्यावर. घाईने झाकण उघडून वारा घालू नये. निखारे क्षणभर भडकतात, पण आतली साठलेली उष्णता निघून जाते.

मांसात खुपसायचा थर्मामीटर जवळ असू द्या. खांदा हाताने सुटावा असा व्हायला आत ९० ते ९५ अंश लागतात. ५ ते ६० अंशांच्या मध्ये जंतू वेगाने वाढतात, म्हणून विझलेल्या ग्रिलमध्ये कोमट मांस "होईल हळूहळू" म्हणून ठेवू नये. आच सावरत नसेल तर सरळ फॉइलमध्ये गुंडाळून १२० अंशांच्या ओव्हनमध्ये न्यावे. धुराचा वास तोवर लागलेला असतो. पाहुण्यांना कळतही नाही.

पाऊस आला तर

इथे जरा कडक शब्दांत लिहितो. सर आली म्हणून ग्रिल शेडमध्ये, गॅरेजमध्ये, बंद बाल्कनीत किंवा तंबूत नेऊ नका. "आता विझतच आलीये" म्हणून तर मुळीच नाही. राखेखाली धुमसणारा कोळसा कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला वास नाही, रंग नाही. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्यांच्या बातम्या आपण मायदेशी दर हिवाळ्यात वाचत आलो आहोत. इथली घरे थंडीसाठी त्याहून घट्ट बंद असतात. खिडकी उघडी ठेवणे हा उपाय नव्हे. डोके दुखणे, मळमळ, गरगरणे असे एकाच वेळी दोघा-तिघांना होऊ लागले तर सगळ्यांनी बाहेर पडून ११२ ला फोन करावा. केटलला झाकण आहे, ती पावसात उभी राहू शकते. भिजायचे ते आपणच.

स्वयंपाक झाल्यावर

दोन्ही झडपा पूर्ण बंद करा. हवेअभावी कोळसा विझतो आणि उरलेल्या वड्या पुढच्या वेळी वापरता येतात. राख मात्र वरून गार दिसली तरी आत दुसऱ्या दिवशीही निखारा सापडतो. निदान २४ तास, जमल्यास ४८ तास तिला हात लावू नये, आणि नंतरही आधी झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत काढावी. मास्ट्रिख्टमध्ये घरचा उरलेला कचरा विकत घेतलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून जातो. एक जिवंत निखारा त्या पिशवीला आणि शेजारच्या कुंपणाला पुरतो.

पूर्ण गार झालेली राख याच उरलेल्या कचऱ्यात, म्हणजे रेस्टआफ्फालमध्ये टाकायची. ओल्या आणि बागेच्या कचऱ्यासाठी जीएफटीचा जो डबा असतो, त्यात नाही, कारण राखेत जड धातू असू शकतात आणि त्या डब्यातल्या कचऱ्याचे खत होते. आजी राखेने भांडी लखलखीत घासायची हे खरे, पण ती चुलीतल्या लाकडाची राख होती. या वड्यांत चिकटवायचे पदार्थ असतात, कधी खनिजेही. भांड्यांना, तुळशीच्या कुंडीला ती नकोच.