नकाशाचे बिल नेमके कशाचे? एपीआयचा कोटा, मोफत वापर आणि खर्च

१ ऑगस्ट २०२५ पासून यूपीआयवर एक नवी मर्यादा लागू झाली. कोणत्याही एका अ‍ॅपमधून ग्राहकाला दिवसभरात ५० वेळाच खात्यातील शिल्लक तपासता येते आणि मोबाइल क्रमांकाशी जोडलेल्या खात्यांची यादी २५ वेळाच मागवता येते. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने हा निर्बंध घातला तो शुल्क आकारण्यासाठी नव्हे. त्या वर्षी मार्च-एप्रिलमध्ये यूपीआय सेवा अनेकदा विस्कळीत झाली होती आणि १२ एप्रिलच्या खोळंब्यामागे व्यवहाराची स्थिती पुन्हापुन्हा विचारणाऱ्या विनंत्यांचा पूर हे कारण पुढे आले होते. ग्राहक बटण एकदाच दाबतो. त्यामागे एक संगणक दुसऱ्याला किती वेळा विचारणा करतो, हे त्याला दिसत नाही.

संगणकांमधील या विचारपुशीच्या ठरावीक पद्धतीला एपीआय म्हणतात. टॅक्सीच्या अ‍ॅपवर दिसणारा नकाशा, हॉटेलच्या संकेतस्थळावरील हवामान, दुकानाच्या मोबाइलवर येणारा ओटीपी, यांपैकी बहुतेक गोष्टी त्या व्यावसायिकाच्या स्वतःच्या नसतात. त्या दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवरून दर वेळी मागवल्या जातात. अशा प्रत्येक मागणीला विनंती म्हणतात आणि बिल बहुधा विनंत्यांच्या संख्येवर आकारले जाते. विजेचे बिल युनिटवर येते तसेच हे. फरक इतकाच की मीटर दाराबाहेर टांगलेला नसतो, तो शोधून पाहावा लागतो.

या व्यवहारात तीन गोष्टींची सर्रास गल्लत होते. पहिली मोफत वापर: अमुक विनंत्यांपर्यंत पैसे लागत नाहीत, ही सवलत. दुसरी कोटा: अमुक वेळात अमुक विनंत्यांहून अधिक स्वीकारल्या जाणार नाहीत, ही अडवणूक. तिसरी अंदाजपत्रक, म्हणजे खर्च ठरावीक रकमेपर्यंत पोचला की ई-मेलने येणारी सूचना. सवलत संपल्याने सेवा थांबत नाही आणि सूचना आल्यानेही थांबत नाही. तिघांपैकी खर्च अडवतो तो केवळ कोटा.

गूगल मॅप्सचे बदलते दर

या विषयाचे सर्वांत बोलके उदाहरण गूगल मॅप्सचे आहे, कारण लहानमोठ्या व्यावसायिकांचा एपीआयशी पहिला संबंध बहुधा नकाशामुळेच येतो. गूगल मॅप्स २००५ च्या फेब्रुवारीत सुरू झाले आणि जूनमध्ये त्याचा एपीआय खुला झाला. पुढे २०११ मध्ये कंपनीने मर्यादा जाहीर केली: दिवसाला २५,००० वेळा नकाशा उघडेपर्यंत मोफत, त्यापुढे हजारामागे ४ डॉलर. ओरड झाली, फोरस्क्वेअरसारख्या नावाजलेल्या सेवेने ओपनस्ट्रीटमॅपवर आधारित नकाशे स्वीकारले आणि जून २०१२ मध्ये गूगलने हा दर हजारामागे अर्ध्या डॉलरवर आणला.

खरा धक्का २०१८ च्या जुलैमध्ये बसला. हलत्या नकाशाचा दर हजारामागे ७ डॉलर, म्हणजे आधीच्या चौदा पट झाला. महिन्याला २०० डॉलरची सूट मिळाली, पण त्यात सुमारे २८,५०० वेळाच नकाशा उघडत असे. पूर्वी जवळपास तेवढा वापर एका दिवसात मोफत होता. शिवाय मोफत वापरासाठीही देयक-खाते उघडणे सक्तीचे झाले. आपले संकेतस्थळ एकदा बनवून घेतल्यानंतर त्याकडे न पाहणाऱ्या अनेकांच्या पानांवर त्या काळात करडा पडलेला नकाशा आणि त्यावर इंग्रजीत सूचना दिसू लागली, ती यामुळे.

भारतीय ग्राहकांसाठी चित्र त्यानंतर बदलले. जुलै २०२४ मध्ये ओला कंपनीने गूगलचे नकाशे सोडून स्वतःचे नकाशे वापरण्याची घोषणा केली आणि त्यातून वर्षाला १०० कोटी रुपये वाचतील असा दावा केला. त्याच महिन्यात गूगलने भारतासाठीचे दर ७० टक्क्यांपर्यंत कमी करत असल्याचे जाहीर केले आणि १ ऑगस्टपासून ते लागू झाले. पत्त्यावरून अक्षांश-रेखांश शोधण्याच्या सेवेचा दर हजारामागे ५ डॉलरवरून दीड डॉलर झाला, तर हलत्या नकाशाचा ७ वरून २.१० डॉलर. मग १ मार्च २०२५ पासून २०० डॉलरची सरसकट सूट जाऊन प्रत्येक सेवेला स्वतंत्र मोफत मर्यादा आली. मूलभूत गटातील सेवांसाठी जगभर ती महिन्याला १०,००० विनंत्यांची आहे. भारतातील देयक-खात्यांसाठी ७०,००० ची. वरच्या गटांतील सेवांना ती याहून बरीच कमी आहे.

या फरकाचा अर्थ आकड्यांतच स्पष्ट होतो. एका महिन्यात एक लाख पत्त्यांचे अक्षांश-रेखांश काढायचे असतील, तर जागतिक दराने ९०,००० विनंत्यांचे ४५० डॉलर होतात. भारतीय दराने ३०,००० विनंत्यांचे ४५. यावर १८ टक्के जीएसटी. म्हणून संकेतस्थळ बनवून देणाऱ्याने देयक-खाते स्वतःच्या परदेशी पत्त्यावर उघडले आहे की ग्राहकाच्या भारतीय पत्त्यावर, हे आधीच विचारून घेणे फायद्याचे.

विनंत्या कशा वाढतात

दरपत्रक वाचणे सोपे आहे. अवघड आहे ते आपल्या अ‍ॅपच्या एका वापरात किती विनंत्या होतात हे ओळखणे.

नकाशाच्या बाबतीत नशिबाने हिशेब उदार आहे. पान उघडताना नकाशा एकदा आला की एक मोजणी. नंतर पाहणाऱ्याने तो कितीही सरकवला वा मोठा केला तरी वेगळी आकारणी नाही. शोधपेटीचे तसे नाही. पर्यटक रोमन लिपीत दाबोळीचे नाव टंकू लागला की प्रत्येक अक्षरागणिक नवी सूचनायादी मागवली जाते. सात अक्षरांच्या सात विनंत्या. यावर उपाय म्हणून त्या सर्व विनंत्यांना एकाच सत्राची खूण जोडता येते आणि मग आकारणी सत्राच्या हिशेबाने होते. ही खूण प्रोग्राममध्ये घालायचे राहून गेले, तर अ‍ॅप तसेच चालते, तसेच दिसते. फरक फक्त बिलात पडतो.

सर्वांत फसवी आकारणी अंतरांच्या तक्त्याची. तेथे मोजणी विनंतीवर नसून आरंभस्थाने आणि गंतव्यस्थाने यांच्या गुणाकारावर होते. समजा, दहा टॅक्सी आणि दहा प्रवासी यांतील प्रत्येक जोडीचे अंतर मागवले, तर विनंती एक, पण मोजणी शंभर. अ‍ॅपने हा तक्ता दर मिनिटाला ताजा करायचे ठरवले आणि ते दिवसाचे बारा तास चालले, तर ७२० विनंत्यांतून ७२,००० ची नोंद होते. भारतीय खात्याची महिन्याची ७०,००० ची सवलत पहिल्याच दिवशी संपली. तीच माहिती, कोणी प्रवाशाने टॅक्सी मागितली तरच आणि जवळच्या तीन गाड्यांपुरतीच मागवली, तर हा आकडा कोसळतो. येथे बचत दरात नाही, अ‍ॅपच्या रचनेत आहे.

फसलेल्या विनंत्यांचाही विचार हवा. ठरल्या वेगापेक्षा अधिक विनंत्या आल्या की सर्व्हर ४२९ क्रमांकाचे उत्तर देतो. त्याचा अर्थ, फार झाले, थांबा. पत्ता-शोधाची सेवा मिनिटाला ३,००० विनंत्यांवर अशी अडते. घाईने लिहिलेला प्रोग्राम नकार मिळताच त्याच क्षणी पुन्हा विचारतो आणि गर्दी वाढवतो. प्रचलित रीत अशी की पहिल्या नकारानंतर एक सेकंद, मग दोन, चार, आठ असे अंतर वाढवत जावे आणि त्यात थोडी यादृच्छिक भर घालावी, म्हणजे थांबलेले सारे एकाच क्षणी परत येत नाहीत.

कुलूप आणि घंटा

गूगल क्लाउडमध्ये अंदाजपत्रक ठरवले की ५०, ९० आणि १०० टक्के खर्चावर ई-मेल येते. बऱ्याच जणांची समजूत अशी की १०० टक्क्यांना सेवा बंद पडेल. ती पडत नाही. शिवाय खर्चाची नोंद काही तास मागे असते, म्हणून घंटा वाजते तेव्हा चोर बराच पुढे गेलेला असू शकतो.

अ‍ॅमेझॉनच्या एस-थ्री या साठवणसेवेतील २०२४ ची एक घटना या बाबतीत जगभर चर्चिली गेली. एका प्रोग्रामरने चाचणीसाठी रिकामी साठवणजागा उघडली होती. तिला दिलेले नाव योगायोगाने एका लोकप्रिय मुक्त साधनाच्या मूळ मांडणीत नमुना म्हणून वापरलेले निघाले. त्यामुळे जगभरातील त्या साधनाच्या प्रती आपापली माहिती तेथे साठवू पाहत राहिल्या. एका दिवसात सुमारे दहा कोटी विनंत्या आल्या. त्या सर्व नाकारल्या गेल्या, तरी बिल १,३०० डॉलरच्या वर गेले, कारण नाकारलेल्या विनंतीलाही तेव्हा पैसे पडत. टीकेनंतर त्याच वर्षीच्या मे महिन्यात अ‍ॅमेझॉनने बाहेरून येणाऱ्या अशा अनधिकृत विनंत्यांची आकारणी बंद केली. त्या माणसाकडून चूक अशी काहीच झाली नव्हती, हे या प्रकरणाचे विशेष.

गूगलच्या नकाशासेवेत हे कुलूप खातेदाराने स्वतः लावायचे असते. कन्सोलमधील कोट्याच्या पानावर नकाशा दिवसाला किती वेळा उघडावा याची कमाल संख्या घालता येते. ७०,००० च्या मासिक सवलतीत राहायचे, तर दिवसाला २,२०० ही सुरक्षित संख्या. ३१ दिवसांच्या महिन्यातही बेरीज ६८,२०० होते. मात्र मोफत मर्यादा देयक-खात्याला असते आणि कोटा त्या खात्याखालच्या प्रत्येक प्रकल्पाला वेगळा, त्यामुळे दोन प्रकल्प असतील तर आकडा विभागून घालावा लागतो. कुलपाची किंमतही आहे. ३१ डिसेंबरसारख्या गर्दीच्या दिवशी २,२०१ व्या पर्यटकाला नकाशा दिसणार नाही. ते नुकसान मोठे की जास्तीच्या बिलाचे, हे व्यवसायानुसार ठरते. हंगामापुरता कोटा वाढवून नंतर पुन्हा उतरवणे हा त्यातला व्यवहारी मार्ग. आणखी एक बारकावा: हा दिवस भारतातील मध्यरात्री बदलत नाही. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील मध्यरात्र धरली जाते, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारचे साडेबारा आणि हिवाळ्यात दीड. सकाळी अकराला संपलेला कोटा दुपारी आपोआप सुरू झाला, तर त्यात गूढ काही नाही.

दुसरे कुलूप किल्लीचे. विनंती कोणाच्या खात्यावर मांडायची हे सांगणारी अक्षरांची लांब ओळ म्हणजे एपीआय की. संकेतस्थळावरील नकाशाची ही किल्ली पानाच्या मजकुरातच असते आणि कोणालाही वाचता येते. ती लपवणे शक्य नसते. तिचा वापर बांधून घालणे मात्र शक्य असते. ही किल्ली आपल्याच संकेतस्थळावरून चालावी, सर्व्हरवरची आपल्याच आयपी पत्त्यावरून, अशी अट कन्सोलमध्ये घालता येते. त्यासोबत प्रत्येक किल्लीला लागेल तेवढ्याच सेवा जोडाव्यात. अट नसलेली किल्ली दुसऱ्याच्या हाती लागली, तर वापर त्याचा आणि बिल आपले.

एपीआय लागतोच का?

हा प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा, पण संकेतस्थळ बनवणारे तो क्वचितच विचारतात. गावातल्या एका होमस्टेची जागा हलत नाही. तिच्यासाठी हलत्या नकाशाची सशुल्क सेवा घेण्याचे कारण नाही. गूगल मॅप्सवरील त्या ठिकाणाचा साधा दुवा द्यायला किल्लीही लागत नाही आणि पैसेही. पानातच नकाशा हवा असेल, तर त्यासाठी गूगलची एम्बेड सेवा कितीही वापरली तरी मोफत आहे. सशुल्क एपीआयची गरज खऱ्या अर्थाने लागते ती हलत्या गाड्या, ग्राहकाने टाकलेला पत्ता किंवा अनेक ठिकाणांतील निवड असते तेव्हा.

एकदा मिळालेले उत्तर कायमचे साठवून ठेवावे, हा सुचणारा पुढचा उपाय करारात बसत नाही. गूगलच्या अटींनुसार पत्त्यावरून मिळालेले अक्षांश-रेखांश ३० दिवसांपर्यंतच साठवता येतात. ठिकाणाचा ओळखक्रमांक तेवढा हवा तितका काळ ठेवता येतो.

ओपनस्ट्रीटमॅपचे तसे नाही. २००४ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पाची माहिती श्रेय देऊन कोणालाही साठवता व वापरता येते. ३,७०२ चौरस किलोमीटरच्या गोव्याचा संपूर्ण नकाशा स्वतःच्या सर्व्हरवर ठेवणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. मात्र त्याचा सर्व्हर, त्याची देखभाल आणि वेळोवेळी अद्ययावत करणे हे खर्च आपल्याकडे येतात, आणि वाड्या-वाटांची नोंद स्वयंसेवकांनी जेथे केली असेल तेथेच चांगली मिळते. या प्रकल्पाचे सार्वजनिक सर्व्हर मोफत आहेत, पण देणग्यांवर चालतात. पत्ते शोधून देणाऱ्या त्यांच्या नॉमिनॅटिम सेवेवर सेकंदाला एकच विनंती, आणि तीही आपल्या अ‍ॅपची ओळख सांगून करावी, अशी अट आहे. ती मोडणाऱ्याला बिल येत नाही. त्याची वाट बंद होते.